पंधरा पिवळ्या रेघा

माझी आणि त्याची पहिली भेट म्हणजे शुद्ध भांडण! सकाळी साडेनऊला मी गॅरेजचं शटर वर केलं, तर दारातच एक जुनी निळी गाडी आडवी उभी. आणि तिला टेकून एक चष्मेवाला, अगदी निवांत.

"अहो, गाडी काढा. इथून आमच्या गाड्या आत-बाहेर होतात."

"काढली असती हो," तो म्हणाला, "पण ती माझं ऐकत नाहीये. तुमचं ऐकते का बघा."

मी फणकाऱ्यानेच बॉनेट उघडलं. बॅटरीची वायर सैल झाली होती. दोन मिनिटांत गाडी सुरू! आता माणसाने आभार मानून जावं की नाही? हा तिथेच घुटमळला आणि म्हणाला, "हिला ट्रॅकवर पळवता येईल?"

तो दोन गल्ल्या पलीकडे चष्म्यांचं दुकान चालवायचा. त्याचा थोरला भाऊ मोटार क्लबात होता. क्लबातली हौशी मंडळी वर्षातून एक दिवस शर्यतीचा ट्रॅक भाड्याने घ्यायची आणि आपापल्या गाड्या मनसोक्त पळवायची. "तुझा डबा एक फेरीसुद्धा पुरी करणार नाही," असं दादा जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत म्हणाला होता. झालं! धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आता त्याला दादापेक्षा एका सेकंदाने का होईना, पण लवकर फेरी मारायची होती. हातात होते सहा आठवडे.

गॅरेज बाबांचं असलं, तरी असल्या कामात आता हात माझाच चालायचा. मी ब्रेक बदलले, कडक स्प्रिंगा बसवल्या, मागची सीट काढून वजन उतरवलं. तो रोज दुपारच्या सुट्टीत यायचा. मदत करायला म्हणे! दहा नंबरचा पाना मागितला, की हमखास बारा नंबरचा हातात ठेवायचा.

"लोकांचे डोळे तपासता आणि पान्यावरचा आकडा दिसत नाही?"

"दिसतो की," तो शांतपणे म्हणाला. "पण चुकीचा दिला, की तुम्ही वर बघता…"

मी पटकन इंजिनात डोकं घातलं. त्या दिवशी एकच स्क्रू मी तीनदा काढला आणि तीनदा लावला.

ट्रॅकचा दिवस उजाडला तो रिमझिम घेऊनच. बाबाही आमच्यासोबत आले होते. प्रत्येकाला तीन खेपा मिळणार होत्या. पहिली ओल्या रस्त्यामुळे जपून चालवण्यातच गेली. दुसऱ्या खेपेपर्यंत ऊन पडलं, आणि आमचा डबा दादापेक्षा फक्त अर्ध्या सेकंदाने मागे राहिला! दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आता उरली शेवटची खेप.

बाबांचा एक नियम होता. प्रत्येक खेपेआधी चाकांच्या सोळाही नटांवरची जुनी रेघ पुसायची, नट पुन्हा आवळायचा आणि त्यावर पिवळ्या रंगाची नवी रेघ ओढायची. रेघ नाही, तर गाडी नाही. बारा वर्षं मी हे करत आले, एकदाही चुकले नाही.

मी शेवटच्या चाकापाशी बसले होते. तो हेल्मेट काखेत धरून शेजारी उकिडवा बसला.

"एक सांगू? नट आवळताना तुम्ही जीभ बाहेर काढता. इतकीशी."

"काहीतरीच!"

"खरंच. सहा आठवडे बघतोय… दुपारची सुट्टी त्यातच जाते माझी."

मी बघितलं त्याच्याकडे. चष्म्याआडचे ते डोळे हसत नव्हते. मी रंगाची डबी बंद केली, उठले आणि म्हणाले, "जा… वेळ झाली."

गाडी रांगेत लागली. खेप सुरू करून देणारे झेंडेवाले काका पुढे आले. मी हात हलवायला म्हणून गाडीशेजारी गेले आणि माझी नजर मागच्या चाकावर पडली. एक, दोन, तीन… चौथ्या नटावर रेघच नव्हती.

आवळला होता का मी तो? आठवेना. गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. बोलले, तर बाबांसमोर, अख्ख्या क्लबासमोर नाक कापलं जाणार होतं, आणि रांग सोडली की त्याची खेपही जाणार होती. पण गाडीत तो होता. मी धावले आणि दोन्ही हात पसरून गाडीपुढे उभी राहिले.

"थांबव! बाहेर घे गाडी!"

त्याने एक शब्दही न विचारता गाडी बाजूला घेतली. नट पुरेसा आवळला गेला की कट्‌ वाजणारा पाना मी त्याला लावला. पहिल्याच झटक्याला कट्‌ असा आवाज आला. नट घट्ट होता. आधीपासूनच!

दादा खो-खो हसला. त्याच्या मित्रांनी टाळ्या पिटल्या. बाबा नुसते माझ्याकडे बघत राहिले. तेच जास्त लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घट्टच होता ना?" गाडीतून उतरून त्याने हळूच विचारलं.

"हो."

"मग रेघ का राहिली?"

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "तुझ्यामुळे! मी तुझ्याकडे बघत होते. बारा वर्षांत पहिल्यांदा चुकले, कारण… कारण मला तू आवडतोस. आणि तुझी खेप मी घालवली."

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. "दादाला हरवायचं होतं, हे खरं," तो म्हणाला. "पण पहिल्या आठवड्यापुरतंच. पुढचे पाच आठवडे मी फक्त तुझ्यासाठी येत होतो. आणि आज तू सगळ्यांसमोर गाडीपुढे उभी राहिलीस… आणखी काय जिंकू मी?"

संध्याकाळी गाड्या थांबल्या. तो झेंडेवाल्या काकांना काहीतरी विचारून आला. "पायी हिंडायला हरकत नाही म्हणाले. माझी एक फेरी बाकी आहे. येतेस?"

डांबर अजून कोमट होतं. हवेत पेट्रोलचा आणि ओल्या गवताचा वास होता. पहिल्याच वळणावर त्याने माझा हात धरला.

"ग्रीस आहे हाताला," मी म्हणाले.

"असू दे."

दादाने जी फेरी दोन मिनिटांच्या आत मारली, तिला आम्हाला तासभर लागला. मी इतकी सुखात होते, की वळणं मोजायची विसरले. शेवटच्या रेषेपाशी बाबा हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग आमच्या हातांकडे.

"झाली का फेरी?" त्यांनी विचारलं.

"नाही," आम्ही दोघंही एकदम म्हणालो आणि पुन्हा चालायला लागलो.