वर टाकलेली माती

दोन हजार चारच्या जानेवारीतली गोष्ट. गिरणाऱ्याच्या आपल्या बागेत फवारणी चालली होती. औषध संपलं म्हणून मी घरी आलो, तर फोन वाजत होता. भात झोडून झालं की पेठकडचा कोंडाजी दरवर्षी आपल्या बागेत कामाला यायचा. त्याच्या घरात फोन नव्हता, म्हणून त्याच्या धाकट्या भावानं, भिकननं, माझ्या घरचा नंबर ठेकेदाराला देऊन ठेवला होता. भिकन चंद्रपूरकडे एका बंद कोळसा खाणीवर कामाला गेला होता.

"भिकन गेला. जमीन खचली," पलीकडचा माणूस म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मी बागेत परत गेलो. कोंडाजी पाइप धरून उभा होता.

"औषध नाय मिळालं का, गुर्जी?"

तुमची काकू जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. अशी बातमी कशी सांगायची ते आता मला येत असेल, असं वाटलं होतं. येत नव्हतं.

"पण काका, बंद खाणीवर काम कसलं?" दिशानं विचारलं. लाइट गेली होती. दिशा, राज, ओम, माझ्या भावाची तिघं मुलं, ओट्यावर मला टेकून बसली होती.

मलमपट्टीचं. कोळसा काढून नेला की जमिनीखाली पोकळी राहते. मग वरची जमीन बसते, तिला भेगा पडतात. त्या बुजवायच्या, वर झाडं लावायची. पर्यावरणवाले पाहून गेले की खाण बंद केल्याची मंजुरी मिळते. भिकन एका भेगेत माती लोटत होता, तेव्हा पायाखालची जमीनच आत गेली. दोन दिवसांवर पाहणी आली होती. खाणवाल्यांनी भिकनला न काढताच तो खड्डा बुजवला. वर रोपं लावली.

कोंडाजी तिकडे जाऊन आला. परतल्यावर त्यानं मला सगळं सांगितलं. भाऊ काढून द्या, एवढंच तो मागत होता. तिथले साहेब वाईट बोलले नाहीत. त्याला खुर्ची दिली, चहा पाजला. म्हणाले, "बाबा, पाहणी झाली. रोपं लागली. आता तिथं कुदळ मारली तर मंजुरी जाते."

"बुजवायच्या आधी त्याला कुनी हाक तरी मारली का?" कोंडाजीनं विचारलं.

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यांच्या घरात रीत अशी, की माणूस परमुलखात गेला आणि देह आला नाही, तर तो पडला तिथली मूठभर माती आणायची. ती आपल्या शेताच्या बांधात पुरायची, मग दिवस करायचे. आईनं, भागीबाईनं, तेवढंच सांगून पाठवलं होतं. कोंडाजीनं रोपांमधली माती उपरण्यात बांधली. राखणदार म्हणाला, "घे घे. चांगली आहे. झाडं जगावीत म्हणून नदीकाठची आणून वर टाकलीय."

कोंडाजीच्या हातातली गाठ तशीच राहिली. भिकन त्या मातीच्या खाली होता. खालची माती राखणदार उकरू देईना.

"आयेला काय सांगू, गुर्जी? भावाची म्हनून कुनाच्या तरी नदीची माती आनली." आईला तो काहीच बोलला नाही. बांधात माती पुरली. दिवस झाले. जेवणं झाली.

"आता भूत येणार," राज ओमला कोपरानं ढोसत म्हणाला. "कोळशाचं भूत रात्री दिसणार कसं पण?"

दिसलं नाहीच. ऐकू आलं.

महाशिवरात्रीनंतरची अमावस्या, शुक्रवार. कोंडाजी अंगणात निजला होता. मध्यरात्र उलटून गेली होती. ठक्... असा आवाज झाला. बराच वेळ काही नाही. पुन्हा ठक्. त्याला वाटलं, कोणी लाकडं फोडतंय. मग कळलं, आवाज खालून येतोय.

त्यांच्याकडे हातभर माती, खाली सगळा काळा कातळ. विहीर खणायची तर सुरुंग लावावे लागतात.

त्यानं जमिनीला कान लावला. कोणीतरी खणत होतं. बांधाच्या बाजूनं. घराकडे येत.

भागीबाई दारात आली. "भिकन हाय."

"नाय आये. नीज तू."

"माझ्या पोराच्या कुदळीचा घाव मला कळतो. भिकन! हितं हाय रे घर!"

आवाज थांबला.

म्हातारी जमिनीवर बसली. दोन्ही तळवे टेकले. "हितं... हितं रे..."

काही नाही.

मग ठक्. तिच्या तळव्यांच्या खाली. मग चुलीखाली. मग मागच्या भिंतीपलीकडे. थांबला नाही. घर ओळखलंच नाही त्यानं. आवाज लांब गेला... सावळ घाटाकडे... अजून लांब...

"भिकन का नाय थांबला?" म्हातारीनं विचारलं. "आपलीच माती हाय ना बांधात?"

कोंडाजीनं तिला हाताला धरून उठवलं, आत नेलं.

ओट्यावर राजनं पाय वर घेतले.

दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो होतो. बांधापासून अंगणात, घराच्या एका भिंतीखालून दुसऱ्या भिंतीबाहेर, तिथून पार घाटाच्या उतारापर्यंत जमीन बसली होती. माणूस आडवा मावेल एवढ्या रुंदीचा पट्टा. मी काठी रोवून पाहिली. हातभर मातीखाली कातळ लागला. कातळही तसाच बसला होता, एकही तडा न जाता.

म्हातारी पुढच्या पावसाळ्यात गेली. चंद्रपूरकडची ती जागा अजून कोणी उकरलेली नाही.