अमृतचं झबलं

मी परभणीत कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. श्वसनसंस्था, आकृतीसह, सात गुण. आठ महिन्यांच्या माझ्या लेकीची, उत्तराची छाती आकृती सोडून हलायला लागली, तेव्हा कळलं की सातातले मलाही फार मिळणार नाहीत.

लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली मुलगी. बालकक्षात सहावा पलंग. डॉक्टर म्हणाले, कोरोना आहे आणि सोबत आणखी एक विषाणू. वर्तमानपत्रांतून कोरोना कधीच डिस्चार्ज घेऊन गेला होता. इथे मुक्कामी होता. बोटाला लावलेल्या यंत्रात ऑक्सिजनचा आकडा ऐंशीच्या आसपास. माझी बायको सुनेत्रा त्या आकड्याकडे बघत जेवायची, म्हणजे जेवायची नाही.

पाचव्या पलंगावर अमृत, राणीसावरगावच्या मेंढपाळांचा. त्याची आजी म्हाळसाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, दुपारी चारला कान द्या."

दिवसभर खोकणारा तो कक्ष चारला दारापासून गप्प व्हायला लागला. पहिला पलंग गप्प. तो पुन्हा खोकला आणि दुसरा गप्प. मग तिसरा. जणू कोणी एकेका बाळावर वाकून पुढे सरकत होतं.

"योगायोग," मी म्हणालो.

"आसंल," म्हाळसाबाई म्हणाली. "पर लय शिस्तीचा हाय."

त्या दिवशी शांतता चौथ्यावर रेंगाळली. सकाळी चौथ्यावर नवी चादर होती आणि नवं बाळ.

दुसऱ्या दिवशी ती पाचव्यावर थांबली. अमृत पहाटे गेला.

गावाकडे निघण्याआधी म्हाळसाबाई आमच्याकडे आली. हातात अमृतचं झबलं, न धुतलेलं.

"कोकरू मेलं की त्याचं कातडं आमी दुसऱ्या कोकराला पांघरतो. मेंढी वासानं वळखती, आपलंच समजती. ह्ये बी वासावरच चालायलंय, सर. यकदा नेलेला वास परत न्हेत न्हाई."

"बाई, संसर्गाचं काय?" मी विचारलं. आकडा बहात्तर होता. व्हेंटिलेटर एकही रिकामा नव्हता.

चमचा दोनदा उकळणाऱ्या सुनेत्रानं झबलं ओढून घेतलं आणि उत्तराच्या अंगात घातलं. "तुम्ही गप्प बसा हो."

चार वाजले.

पहिला. दुसरा. तिसरा. चौथा.

पाचवा रिकामा होता.

उत्तराचा खोकला थांबला. यंत्रात आकड्याऐवजी नुसती रेघ.

झबल्याची बाही हळूच वर उचलली गेली. कोणी दीर्घ श्वास आत घ्यावा, तशी.

मग सातव्या पलंगावरची मुलगी गप्प झाली. बराच वेळ गप्प राहिली. तिच्या आईनं सकाळी आम्हाला थर्मासातला चहा दिला होता.

उत्तरा खोकली.

एक्क्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याण्णव.

आठवड्यानं आम्ही तिला घरी आणलं. सुनेत्रानं झबलं काढलं, तिला अंघोळ घातली, टाळू हुंगली आणि तशीच थांबली.

"अहो, हिला वासच नाही."

"कोरोनात वास जातो," मी म्हणालो. बऱ्याच दिवसांनी मला एखादं उत्तर येत होतं. "तुझा गेला असेल. येईल महिन्याभरात."



"शेजारी कुणाचा तरी लसूण करपायलाय," ती म्हणाली आणि उत्तराला माझ्यापुढे धरलं.

मी तिच्या मानेच्या वळीत नाक खुपसलं.

लसणाचाच वास आला.