शिशाची पूड

“आधी झटक, मग भिजव... नाहीतर पाणी काळं होतं!”

नऊ वर्षांपूर्वीचा सासूबाईंचा तो आवाज अजून थोरलीच्या कानात होता... कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या नवऱ्याचे कामावरचे कपडे तिने पोटुशी असताना रोज झटकले होते, त्या करड्या पुडीने खोकत, एका शब्दाने कुरकुर न करता!

आणि आज तिथेच, मोरीच्या दाराशी, चार महिन्यांची गरोदर धाकटी जाऊ त्याच कारखान्यात जाणाऱ्या आपल्या नवऱ्याचा सदरा उचलून झटकणार, तोच थोरलीने तो हिसकावून घेतला.

“अगंबाई! ताई, साप आहे का त्यात?”

“साप परवडला असता गं... शिसं आहे!”

“झालं हिचं सुरू!” सासूबाई आतून कडाडल्या. “स्वतःची पोर सकाळचा धडा दुपारी विसरते, आणि ही दुसऱ्यांना शिकवणार! आईवर गेलीय, दुसरं काय?”

हे वाक्य थोरलीने आजवर मुकाट गिळलं होतं. पण काल डॉक्टरीणबाईंनी लेकीला तपासून घरातल्या कामाची एकेक गोष्ट विचारली होती...

“नाही आई, माझ्यावर नाही गेली! ही पूड आईच्या श्वासातून पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते, त्याच्या कोवळ्या मेंदूला बाधते. सगळं त्यानेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. पण मी रोज झटकत होते, हे तर खरं! आता हे माझ्या माथी मारू नका, आणि माझ्या लेकीच्या तर मुळीच नाही!”

सासूबाई बाहेर आल्या आणि थोरलीच्या हातातल्या सदऱ्याकडे पाहू लागल्या.

“झटक म्हणून... मीच सांगत होते ना गं?”

“तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं, आई? ठाऊक असायला हवं होतं ते कारखान्याच्या साहेबांना. कपडे तिथेच धुवायला हवेत.”

“वेडी आहेस का?” थोरलीचा नवरा पुढे झाला. “साहेबांना कोण सांगणार? दोघांच्या नोकऱ्या जातील!”

“गेल्या तर मी चार घरची धुणी धरीन. पण या घरात दुसऱ्या लेकराला हे भोगू देणार नाही!”

सासूबाईंनी थोरलीचा चेहरा हातांत धरला... “इतकी वर्षं तुला बोल लावला गं पोरी! आता हे कपडे घरी येणार नाहीत. साहेबांना मी सांगते. शब्द देते तुला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली लेकीची वेणी घालत होती. पूड उडू नये म्हणून सासूबाईंनी ओल्या फडक्यात दोघा मुलांच्या कामावरच्या कपड्यांचं गाठोडं घट्ट बांधलं, चपला पायात सरकवल्या, आणि त्या कारखान्याच्या रस्त्याला लागल्या.