गाण्यांच्या मधली जागा

तो मोबाईल जरा बंद करा रे. डबीत माशी कोंडल्यासारखा आवाज येतो त्यातून. गाणं ऐकणं म्हणजे काय, ते आपल्या देवळीत एकाच माणसाला कळलं होतं, आणि कळलं तेव्हा त्याला तोंड लपवायला जागा उरली नव्हती. त्याची गोष्ट सांगतो. खरी आहे. खोटी सांगून माझा काही फायदा नाही, कारण हिच्यात माझंही नाक कापलेलं आहे.

सन अठ्ठ्याण्णव, नोव्हेंबरची अठरा तारीख, बुधवार. रात्री अमावास्या होती. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही, कॅलेंडरच तसं होतं. त्या सकाळी योगेंद्र हिंगणघाटला गेला. बाजारात त्याचं भांड्यांचं दुकान, आणि समोर माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं. हिंगणघाटला एक जण तांब्याची तार गुंडाळून हवा तसा ट्रान्सफॉर्मर बनवून द्यायचा. सात किलोचा तो गोळा दुपट्ट्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन योगेंद्र आधी वर्ध्याला आणि तिथून देवळीला आला. कंडक्टर म्हणाला, "लेकराचं अर्धं तिकीट काढा." योगेंद्र हसला नाही, दुपट्टा नीट केला. गाण्याच्या बाबतीत त्याला थट्टा खपत नसे.

आधी त्याच्याकडे नुसता एका स्पीकरचा टेप होता. मग मी त्याला एक छोटा अॅम्प्लिफायर बनवून दिला आणि स्पीकर दोन मडक्यांच्या तोंडावर बसवले. ढोलक घुमू लागली. पण गाण्याखाली एक घरघर सतत चालायची, खाटेखाली मांजर झोपल्यासारखी. "हे घरघर घालव," असं तो चार वर्षं माझ्या मागे लागला होता. मोठा ट्रान्सफॉर्मर त्यासाठीच. संध्याकाळी त्याच्या घरी बसून मी नवा अॅम्प्लिफायर जोडला आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. आवाज काहीच नाही.

"बिघडला," योगेंद्र म्हणाला.

"चालू हाय," मी म्हणालो. "चांगल्या अॅम्प्लिफायरची ओळख त्याच्या बोंबलन्यात नसते. तो गप्प किती बसते, ते पाहाचं."

मग एका जुन्या कॅसेटवरचं गाणं लावलं. दहा वर्षं ऐकलेलं गाणं, पण ओळ उचलायच्या आधी बाई श्वास घेते, हे त्याला त्या दिवशी कळलं. तबलजीचं नख पुडीवर घासलेलं कळलं. मागे कोणाची तरी खुर्ची करकरली, तीही कळली. योगेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. मी नऊ वाजता माझी पेटी उचलून घरी आलो, आणि सांगायला लाज नाही, रस्ताभर माझी छाती फुगलेली होती.

लाज आहे ती याच्या आधीची. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

योगेंद्रची बायको रीता, माहेर आंजी मोठीचं. तिच्या आईचं नाव अनुसयाबाई. पाळणा म्हणावा तर त्या बाईनंच. आंजीत तिच्याशिवाय कोणाचं बारसं होत नसे. त्र्याण्णव साली दिवाळीनंतर दवाखान्यानं तिला घरी पाठवलं, उरलेले दिवस लेकरांत काढा म्हणून. रीताला तेव्हा सहावा महिना. म्हातारीनं बोटं मोजली आणि समजली, नातवंडाच्या बारशाला आपण नाही. मग मुलाला, लहानूला, टेप मागून आणायला लावला आणि पाळणा भरून ठेवला. पाळण्यात बाळाचं नाव घ्यावं लागतं. नाव तर कोणालाच ठाऊक नाही. म्हणून नावापाशी ती थांबली. बारशाच्या बायांनी तिथे नाव घ्यावं, एवढी जागा सोडली, आणि मग पुढे म्हणाली. सगळा मिळून चार मिनिटांचा पाळणा.

लहानूनं त्या कॅसेटचे कान तोडले. तुम्हाला काय ठाऊक म्हणा! कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकचे दोन कान असत. ते तोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नसे. महिनाभरात म्हातारी गेली, आणि कॅसेट रीताच्या कपाटात आली.

जानेवारीत एका रविवारी योगेंद्रचा मावसभाऊ नागपूरहून आला, सोबत सीडी प्लेयर घेऊन. तो संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार. सीडीवरची गाणी भरून घ्यायची तर घरात कोरी कॅसेट नाही, बाजार बंद, आणि रीता शेजारी हळदीकुंकवाला गेलेली. योगेंद्रनं कपाटातून ती कॅसेट काढली. "पाळना चारच मिनिटाचा हाय," म्हणाला, "तेवढा सोडून पुढं भरतो." मी तिथेच बसलो होतो. तुटलेले कान पाहून तो थांबला. थांबला होता, एवढं त्याच्या बाजूनं सांगतो.

"त्याले काय होते," मीच म्हणालो, "चिकटपट्टी लाव."

कानांच्या जागी पडलेल्या भोकांवर चिकटपट्टी लावली, की टेप फसतो आणि भरू देतो. चार मिनिटं सोडायची मात्र राहून गेली. मडक्यांतून ढोलक घुमायला लागली आणि आम्ही दोघं शहाणे मान डोलवत बसलो. पहिलं गाणं संपलं तेव्हा योगेंद्रच्या तोंडावरचा रंग उडाला. थोड्या वेळानं म्हणाला, "आता काय राह्यलं त्याच्यात? भरू दे पुरी."

रीताला त्यानं सांगितलं, टेपनं कॅसेट खाल्ली. पुरावा पाहिजे म्हणून दुसऱ्याच एका जुन्या कॅसेटची पट्टी ओढून तिचा गुंता करून दाखवला. रीतानं तो गुंता उचलला, साखरेच्या रिकाम्या डब्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आली. आठवा महिना, दम लागलेला. "भाऊजी, जुळते का हे?" म्हणाली. मी डब्यात धड पाहिलंही नाही. म्हणालो, "नाई जुळत वहिनी." ती डबा घेऊन परत गेली. बारशाला दुसऱ्या बायांनी पाळणा म्हटला आणि मुलीचं नाव केतकी ठेवलं. रीता पूर्ण वेळ खाली मान घालून बसली होती, हे माझ्या बायकोनं घरी येऊन सांगितलं. मी जेवत होतो. जेवत राहिलो.

त्या कॅसेटवर योगेंद्रनं नवी चिठ्ठी चिकटवली. सीडीवरून भरलेली, घरातली सगळ्यात साफ कॅसेट ती. नवं काही जोडलं की तीच लावायची. माणूस एका दिवसात निर्लज्ज होत नाही. हळूहळू सवय लागते.

तर ती रात्र. साडेदहा वाजले होते. रीता आणि केतकी आतल्या खोलीत झोपलेल्या. योगेंद्रनं ती कॅसेट लावली आणि समोर मांडी घालून बसला.

पहिल्या गाण्याच्या आधी थोडी जागा रिकामी होती. आजवर तिथे घरघर असायची. आता काहीच नव्हतं. आणि त्या काहीच नसलेल्या जागेत कोणीतरी खोकललं.

याला उत्तर आहे. साध्या टेपमध्ये जुनं भरलेलं पुरतं पुसलं जात नाही, तळाशी गाळ राहतो. घरघर गेली म्हणून गाळ दिसला. योगेंद्रनंही स्वतःला हेच सांगितलं. गाणं सुरू झालं, पण त्याच्या कानात काही शिरेना. साडेपाच मिनिटांचं गाणं.

मग दुसरं गाणं. तेही संपलं.

बांगड्या वाजल्या.

आता नीट ऐका. पाळणा चार मिनिटांचा. पहिलंच गाणं साडेपाच मिनिटांचं. म्हणजे त्याच्या पुढे ती कॅसेट मुळात कोरी होती. तिथे गाळ येणार कुठून?

योगेंद्रला हे कळत होतं. हात बटणाकडे जाईना. तिसरं गाणं लागलं. संपलं. मग ती म्हणायला लागली. आजारी बाईचा आवाज, पण सुरात. इतका साफ, की ओठ सुटलेले ऐकू येत होते.

*बाराव्या दिशी पाळना बांधला,*
*आंजीहून आजीनं दोर आनला,*
*मांडीवर घेतलं, कानात सांगतलं,*
*नाव ठेवलं…*

आणि थांबली.

चौथं गाणं लागायला हवं होतं. लागलं नाही. कॅसेटची चाकं फिरत होती. स्पीकरमधून फक्त श्वास येत होता. आत… बाहेर… आत. कोणीतरी वाट पाहत बसावं तसा.

मग पुन्हा पहिल्यापासून. बाराव्या दिशी…

त्यानं बटण दाबलं. चाकं थांबली. आवाज थांबला नाही.

अॅम्प्लिफायर बंद केला. लाल दिवा विझला.

*मांडीवर घेतलं, कानात सांगतलं…*

पिन उपसून काढली. पिन हातात होती. वायर हातात होती.

*नाव ठेवलं…*

श्वास.

"केतकी," योगेंद्र म्हणाला.

पण पुढची ओळ आली नाही. आवाज परत मागे गेला. तसाच हळू, तसाच मऊ, अडलेल्या पोराला पुन्हा पाढा सांगावा तसा. त्यात राग नव्हता. हे त्यानं मला दोनदा सांगितलं. राग बिलकुल नव्हता. "शिव्या देल्ल्या असत्या तं सहन झालं असतं," म्हणाला.

तेव्हा त्याला उमगलं. पाळण्यात नाव बाया घेतात. पुरुषाचं तिथे काम नाही. म्हणजे रीताला उठवावं लागेल. आणि उठवायचं म्हणजे सांगावं लागेल. कॅसेट खाल्ली नव्हती. मी पुसली. तुझ्या आईचा आवाज मी पुसला, आणि वरून तुला कचरा दाखवला.

तो आतल्या खोलीच्या दारापाशी गेला. दार नुसतं लोटलेलं. हात वर केला.

मागे… *नाव ठेवलं…*

हात तसाच राहिला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. त्याच्यानं दार ढकलवेना. भुताची भीती केव्हाच गेली होती, पोरांनो. भीती बायकोच्या तोंडाची होती.

दार आतून उघडलं.

रीता उभी होती. डोळ्यांत झोपेचा मागमूस नव्हता.

"मी…" योगेंद्र म्हणाला. "ते कॅसेट… मी…"

"मले माहीत हाये."

वर केलेला हात त्यानं खाली घेतला.

"तो गुंता मी वर्ध्याले नेलता," रीता म्हणाली. "केतकी दोन महिन्याची होती तवा. तिथं एकानं जोडून देल्ला. लावून पायलं तं तुमचाच आवाज निंघाला. 'या हो या, दिवाळीसाठी स्टीलचे डबे, पितळेच्या घागरी.'"

दुकानाच्या जाहिरातीसाठी रिक्षावर वाजवायला भरलेली कॅसेट होती ती. घाईत त्यानं तीच ओढली होती. आईचा आवाज शोधायला बाई तान्हं लेकरू घेऊन वर्ध्याला गेली, आणि तिला नवरा घागरी विकताना ऐकू आला.

"मंग बोलली काऊन नाई?" त्यानं विचारलं.

"तुमी सांगसान म्हनून."

"इतके वर्सं?"

"आज सांगसान, उद्या सांगसान." एवढंच म्हणाली. मग त्याच्या बाजूनं वाट काढत ती बाहेरच्या खोलीत आली. "सरा. माय थकली असन. किती डाव म्हनन तिनं?"

ती मडक्यापाशी खाली बसली. पदर डोक्यावरून घेतला. आवाज फिरून त्या जागेशी आला. थांबला. श्वास.

"केतकी," रीता म्हणाली.

*जो जो रे जो.*

पुढची कडवी आली. त्यानं पुसलेली, या जगात कुठेच न उरलेली. रीता गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. योगेंद्र भिंतीला टेकून उभा. बसायची हिंमत झाली नाही. शेवटी खट् असा आवाज झाला, लहानूनं आंजीला टेप बंद केला असेल तसा. आणि मग तो नवा अॅम्प्लिफायर गप्प बसला.

"झोपा आता," रीता म्हणाली आणि आत गेली. दार तिनं लावलं नाही.

सकाळी मी शटर वर करत होतो, तर योगेंद्र पायरीवर बसलेला. हे सगळं त्यानं मला तिथे सांगितलं. गाळ हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता, गिळला. रीतानं माझ्यापुढे धरलेला साखरेचा डबा डोळ्यांसमोर आला आणि मला मान वर करवेना. सांगून झाल्यावर त्यानं उजव्या पायातली चप्पल काढली आणि पाय माझ्या स्टुलावर ठेवला.

तळपायाला मधोमध काजळाची तीट होती. बोटाच्या टोकाएवढी, गोल. दृष्ट लागू नये म्हणून आजी तान्ह्या लेकराला लावते तशी. घरापासून दुकानापर्यंत चालत आला होता, तरी कड फिसकटली नव्हती.

"वहिनीनं लावली असन," मी म्हणालो.

"घरात काजळ नाई. आधी पोरीचे पाय पायले. गाल पायला. तिले काईच नाई." पायावरून त्याची नजर हलेना. "मले काऊन? सासूचा आवाज मी पुसला, मले तं नव्हती लावाची."

टेपचं हेड पुसायची स्पिरिटची बाटली मी काढली. फडकं भिजवून घासलं. मी दमलो तेव्हा त्यानं घासलं. कातडी लाल झाली. तीट निघाली नाही.