चिपचं दूध

"अहो, ते दूध माझ्या चिपचं आहे!"

आजार ओळखणारी चिप बनवणारी ती संशोधक दारातूनच ओरडली. पण प्रयोगशाळेतलं मशीन दुरुस्त करायला आलेला तो उंच, अनोळखी माणूस डब्यातली शेवटची चमचाभर दूध पावडर चहात ढवळून मोकळा झाला होता.

"चिप दूध पिते?" त्याने भाबडेपणाने विचारलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नखाएवढ्या चिपवर तिने अँटीबॉडी चिकटवल्या होत्या. रक्तातला आजार त्या नेमका पकडणार होत्या. पण मधल्या मोकळ्या जागा दुधाने झाकल्या नाहीत, तर तिथे रक्तातला कुणीही ऐरागैरा येऊन बसतो आणि चिप धडधडीत खोटं बोलते. चार वाजता प्रयोगशाळेचे प्रमुख सर चिप बघणार होते. जमली तर काम चालू, नाहीतर तिने गाशा गुंडाळायचा.

"आणतो!" म्हणत तो पळाला. आधी चॉकलेटची पावडर आणली. मग बाळाच्या दुधाची. तिसऱ्या खेपेला, घामाने निथळत, साधी बिनसाखरेची.

चिप तासभर दुधात बुडाली. तो घड्याळ धरून बसला. ती त्याच्याकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत बसली.

"आता तीनदा धुवायची," ती म्हणाली.

"सगळंच निघून गेलं तर?"

"नुसतं टेकलेलं जातं. घट्ट चिकटलेलं राहतं."

"माणसांचंही तसंच असेल... नाही?"

"चिपकडे बघा!" ती म्हणाली — आणि कानापर्यंत लाल झाली.

सर आले तेव्हा चिप तयार नव्हती. वीस मिनिटं उशीर! सरांच्या कपाळावर आठ्या.

"मशीन अडलं होतं, सर," तो बेधडक म्हणाला.

मशीन तर सकाळीच ठणठणीत झालं होतं. तिला राहवेना. "नाही सर. दुधाचा डबा मीच चहाच्या कपाटात ठेवला. नावही न लिहिता. चूक माझी."

चिप तयार झाल्यावर सरांनी ती मशीनमध्ये सरकवली. पडद्यावर आजारी रक्ताची रेघ सरसर वर चढली, निरोगी रक्ताची शहाण्यासारखी सपाट राहिली.

"काम चालू ठेवा," सर म्हणाले. "आणि डब्यावर नाव लिहा."

संध्याकाळी तो हत्यारांची पिशवी घेऊन गेला. खोली एकदम रिकामी वाटली, आणि तिला त्या रिकामेपणाचाही राग आला.

सकाळी दारात तोच!

"पेचकस विसरलो बहुतेक..."

"तुमच्या वरच्या खिशात आहे."

"अरेच्चा!" ओशाळून तो वळला.

"थांबा... कपाट उघडा."

आत दोन डबे होते. एकावर लिहिलं होतं, 'चिपसाठी'. दुसऱ्यावर, 'चहासाठी — दोन कप, रोज'.

"रोज?" त्याने डबा फिरवून पुन्हा वाचला. "पण मशीन तर ठणठणीत आहे!"

"त्यात काय," ती कप मांडत म्हणाली, "बिघडवेन की!"