गुवाहाटीच्या विमानातील जेवण

सुज्ञ वाचकहो, दोन विमानतळांमधील अंतरामुळे एका निरपराध सुनेवर कसे संकट ओढवले आणि ते कसे टळले, हे प्रस्तुत कथेत यथामती निवेदन करीत आहे.

डिसेंबरातील सकाळी साताऱ्याचे खाजगी गुप्तहेर मल्हारराव आणि त्यांचे सोबती, वडूजचे निवृत्त सुभेदार आकाराम, तासगावला बसमधून उतरले, तेव्हा दोघांचीही अंगे आंबून गेली होती.

"गुडघं बोलाय लागलं," आकाराम म्हणाले. "आसामात नोकरीला हुतो तवा ह्या दिवसांत साडेचारलाच सूर्य बुडायचा. लगेच घोंगडीत. लय बरं हुतं."

"आधी काम, सुभेदार."

त्यांना बोलावून घेणाऱ्या पद्मावतीबाईंचे घर बेदाण्याच्या व्यापाऱ्यांचे. आदल्या सायंकाळी सातच्या सुमारास, घर रिकामे असताना, देवघरातील पार्श्वनाथांची पिढीजात मूर्ती नाहीशी झाली होती. कुलूप शाबूत होते. बाई व थोरला जयपाल सांगलीस लग्नात होते. उरलेल्या दोन किल्ल्यांपैकी एक जयपालच्या पत्नीकडे, दीपालीकडे. दुसरी धाकट्या आर्जवकडे. तो गुवाहाटीस बेदाणा विकत असे.

"आज हिला माहेरी धाडणार," बाई म्हणाल्या. "पुन्हा ह्या घरात पाऊल न्हाई."

मल्हाररावांनी प्रथम दीपालीला विचारले, "सातला कुठे होतात?"

"बेदाण्याच्या शेडवर. एकटीच. सांगून सांगून दमले आता."

आर्जव मध्यरात्री पोहोचला होता. त्याने तिकीट पुढे केले. "सातला मी आभाळात हुतो. गुवाहाटीहून साडेचारला उड्डाण, साडेसातला पुणे. दोन हजार किलोमीटर, तीन तास."

"मग उपाशीच आलास व्हय रं?" आईने विचारले. "दिवस मावळल्यावर तू अन्नाला शिवत न्हाईस."

"न्हाई आई. पावणेसहाला डबा खाल्ला. सूर्य बघूनच."

आकाराम उठले. "चला, मल्हारराव. पोरगा सुटला."

मल्हारराव जागचे हलले नाहीत. त्यांनी थकलेले डोळे चोळले.

"सुभेदार, गुवाहाटीस साडेचारला सूर्य बुडतो, हे तुम्हीच सांगितलेत. विमान पश्चिमेकडे धावते, म्हणून उजेड जरा रेंगाळेल. पण सूर्य विमानाच्या दुप्पट वेगाने पुढे जातो. सव्वा तासात निम्मी वाटही सरत नाही. पावणेसहाला त्या विमानाबाहेर काळोखच होता. त्या वेळी सूर्य दिसतो तो आपल्या सांगलीकडे. आर्जव व्रताविषयी खोटे बोलणारा नव्हे. तो उजेडातच जेवला, पण इथे. आधीच्या विमानाने आला आणि हे तिकीट नुसते काढून ठेवले. विमान कंपनीला विचारू का, आर्जव?"

आर्जवने मान खाली घातली. "मूर्ती सांगलीत मित्राकडं हाय. आई, चार वर्सं तुला गुवाहाटीला बोलावतोय, देव सोडून तू येत न्हाईस. वाटलं, देवच तिकडं नेला तर येशील. वैनीवर आळ येईल हे ध्यानात आलं न्हाई."

"आळ रात्रीपासनंच आलाय की," दीपाली शांतपणे म्हणाली. "तुमी गप्पच हुता, भावजी."

आकारामांना उगाचच आपल्या पायांकडे पाहावेसे वाटले.

पद्मावतीबाई सुनेजवळ बसल्या. "चुकले मी, पोरी. आता कुटं जायाचं न्हाई."

"जाणार आत्याबाई. तुमी धाडताय म्हणून न्हवं. माझी मी जाणार."

"परत कवा येशील?"

दीपाली चपला घालीत म्हणाली, "शीण गेला की."

कथेत काही उणे राहिले असल्यास दोष माझा समजावा. आपला अमोल वेळ दिल्याबद्दल वाचकांचा ऋणी,
भाऊसो कोंडीबा जगदाळे, मुक्काम औंध.