एक्केचाळीस, एकशे सत्त्याऐंशी आणि मधलं पाणी

खऱ्या प्रेमाला अंतराचं बंधन नसतं. हे ज्याने कुणी पहिल्यांदा म्हटलं, त्याने प्रथिनं मोजलेली नसावीत. प्रथिनांच्या जगात अंतराचं बंधन आहे आणि ते साडेचार अँगस्ट्रॉम आहे. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. दोघं त्या मर्यादेच्या आत असतील तर संपर्क आहे, बाहेर असतील तर नाही. मग ते एकमेकांकडे कितीही आशेने बघत असोत.

ही मर्यादा ज्या खोलीत पाळली जायची, तिथला एसी गळायचा. त्याच्याखाली एक निळी बादली असायची.

नवी मुलगी सोमवारी कामावर आली. तिने आधी टेबल पुसलं, मग ड्रॉवर रिकामा केला, मग बादली दीड फूट दाराकडे सरकवली. पाच मिनिटांनी एक उंच माणूस हातातला कागद वाचत आत आला आणि थेट बादलीत उभा राहिला.

"बादली इथे नव्हती," तो म्हणाला. पाय अजून आतच होता.

"मध्ये येत होती. मी सरकवली."

"पाणी तिथे पडतं."

"मग पाणी चुकीच्या जागी पडतंय."

त्याने पाय बाहेर काढला, बूट उलटा करून बादलीतच रिकामा केला आणि तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तुम्ही नव्या आकडेवाल्या का?"

"हो. आणि तुम्ही?"

"मी स्फटिक वाढवतो. म्हणजे... वाढले तर."

प्रयोगशाळेत त्यांना स्फटिकबुवा म्हणत. वय एकतीस, बुवा ही पदवी धीराबद्दल मिळालेली होती. आठ महिन्यांत त्यांना प्रथिनाचा एकच धड स्फटिक मिळाला होता. त्यावर क्ष-किरण सोडून कोणता अणू कुठे बसलाय हे त्यांनी ठरवलं होतं. पुढचं काम आकडेवालीचं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ. ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या इयरफोनसारखी ती आपली आपण गुंडाळते, आणि माळेत एकमेकांपासून लांब असलेले मणी शेजारी येऊन बसतात. कोण कुणाला टेकलंय, याची यादी करणारा प्रोग्राम तिने लिहायचा होता.

त्या सगळ्या माळेत दोनच मण्यांवर तिची नोकरी टांगलेली होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचं म्हणणं होतं की एक्केचाळिसावा मणी एकशे सत्त्याऐंशीव्याला धरून ठेवतो, म्हणून प्रथिन आपला आकार टिकवतं. हा संपर्क सापडला तर प्रकल्प दोन वर्षं वाढणार होता. नाही सापडला तर तो तीस तारखेला संपणार, आणि त्याबरोबर आकडेवालीही. बुवा कायम होते. ते बादलीसारखे तिथेच राहणार होते.

"तिसाला संपतंय ना?" आई फोनवर म्हणाली. "मग एकतिसाला ये. एक मुलगा बघून ठेवलाय. शांत आहे."

"शांत म्हणजे?"

"फोटोत तरी."

तीन आठवडे दोघं बादलीच्या दोन बाजूंना बसली. प्रोग्राम तयार होत होता आणि बुवांना दिवसातून सात-आठ वेळा त्याच्याबद्दल शंका येत होत्या. शंका आली की ते खुर्ची ओढत यायचे, स्क्रीनसमोर वाकायचे, आणि शंका फिटली तरी वाकलेलेच राहायचे. तिच्या केसांना लिंबाचा वास येतो हे त्यांना याच काळात कळलं. त्यांच्या उजव्या कानामागे कायम एक पेन्सिल असते आणि ती ते कायम शोधत असतात, हे तिला कळलं. ती पेन्सिल कुठे आहे ते सांगायची नाही. शोधताना माणूस बरा दिसायचा.

"एक्केचाळीस जरा लाजाळू वाटतो," ती एकदा म्हणाली. "बघा ना, मान तिकडेच वळवलीय, पण पुढे होत नाही."

"होईल. काहींना वेळ लागतो."

"किती?"

बुवांनी पेन्सिल शोधायला सुरुवात केली. "स्वभावावर आहे," ते म्हणाले.

बावीस तारखेला प्रोग्रामने उत्तर दिलं. एक्केचाळीस आणि एकशे सत्त्याऐंशी : पाच पूर्णांक दोन अँगस्ट्रॉम. संपर्क नाही.

तिने आकडा बुवांना दाखवला. एसी ठिबकत राहिला.

"शून्य पूर्णांक सातने राहिलं," ती हसत म्हणाली. हसू फारसं जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा नेहमीपेक्षा लवकर आले. शर्टाला इस्त्री होती. "मी काल घरी तो भाग पुन्हा तपासला," ते स्क्रीनकडे बघत म्हणाले. "एक्केचाळीसचं टोक... थोडं वेगळं बसतं असं वाटतंय. अणूंच्या जागांची नवी फाइल पाठवलीय."

नव्या फाइलचं उत्तर आलं : तीन पूर्णांक नऊ. संपर्क आहे.

ती दहा मिनिटं अतिशय आनंदात होती. मग तिने स्वभावानुसार जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. दीड हजाराच्या वर अणूंपैकी फक्त चार हलले होते. चारही एक्केचाळीसचे होते, आणि चारही नेमके हवे त्या दिशेने.

"हे तुम्हाला स्फटिकात दिसलं?" तिने विचारलं.

बुवांचा हात कानामागे गेला. पेन्सिल तिथेच होती. या वेळी ती लगेच सापडली.

"नाही," ते म्हणाले.

"मग का हलवलं?"

"तीस तारीख जवळ आली म्हणून."

"माझ्यासाठी?"

"...हो."

कुणी कुणासाठी चांदण्या आणतं म्हणे. तिच्यासाठी चार अणू आणले होते, तेही खोटे. ती उठून उभी राहिली. "तुला कळतं का तू काय केलंस? उद्या माझ्या नावाने हे छापून येईल. कुणीतरी यावर विश्वास ठेवून दोन वर्षं घालवेल. आणि मला इथे ठेवायचंच होतं, तर... तर मला सांगायचं. त्या एक्केचाळीसची मान कशाला मुरगाळलीस?"

आपण तुम्हीवरून तूवर आलोय, हे तिच्या लक्षात आलं नाही. बुवांच्या आलं, पण ती वेळ आनंद मानण्याची नव्हती. ते मान खाली घालून बाहेर गेले. रागाच्या भरात तिने टेबल आवरलं आणि बादली पायाने भिंतीशी ढकलली.

बुवा सरळ बाईंच्या खोलीत गेले आणि केलेलं सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नवी फाइल पुसून टाका," त्या म्हणाल्या. "असं पुन्हा केलंत तर तुम्हालाही पुसावं लागेल. जुनाच आकडा अहवालात जाईल. आणि तिला काही सांगायचं असेल तर तोंडाने सांगा, अणूंमार्फत नको."

इकडे खोलीत काचेची भांडी धुणाऱ्या मावशी आल्या तेव्हा जमिनीवर तळं झालं होतं.

"बादली कुणी हलवली?"

"मी," आकडेवाली म्हणाली. "मध्ये येत होती."

"मध्येच हवी ती. तुम्हाला अडचण वाटली म्हणून पाणी पडायचं थांबतंय होय?" मावशींनी फडकं पिळलं. "काय बाई शिकलेली माणसं. दिसलं की काढलं."

ती बोलायला गेली आणि तशीच थांबली. मग तिने आपला प्रोग्राम उघडला. पहिलीच ओळ तिने पहिल्याच दिवशी, टेबल पुसून झाल्यावर लिहिली होती. प्रथिनाभोवती पाण्याचे सुटे रेणू असतात, यादीत गर्दी करतात; म्हणून मोजणी सुरू करण्याआधी ते सगळे काढून टाकायचे. तीनशे बारा होते. तिने ती ओळ खोडली आणि जुनी फाइल पुन्हा चालवली.

एक्केचाळीस आणि एकशे सत्त्याऐंशी यांच्या मध्ये पाण्याचा एक रेणू बसलेला होता. एकापासून दोन पूर्णांक आठ, दुसऱ्यापासून दोन पूर्णांक नऊ. दोघांनी एकमेकांना धरलेलं नव्हतं. दोघांनी त्याला धरलं होतं. तो रेणू तिथे बुवांनीच, ती येण्याआधी, बसवला होता; तीनशे बारा लोकांत एक कोण लक्षात ठेवतो.

बुवा परत आले तेव्हा ती दारातच उभी होती.

"मी बाईंना सांगून आलो," ते म्हणाले. "फाइल पुसली. तू... तुम्ही जाणारच आहात, तर एक सांगायचं होतं. मला प्रोग्रामबद्दल एकही शंका नव्हती. पहिल्या आठवड्यापासून."

"मला माहीत होतं."

"मग बोलली नाहीस?"

"तू शोधत होतास. म्हटलं, सापडेल." तिने त्यांच्या कानामागची पेन्सिल काढून हातात दिली. बोटं बोटांवर जरा जास्त वेळ राहिली. "आता आत ये, काहीतरी दाखवायचंय. आणि खाली बघून चाल. बादली जागेवर आहे."

बाईंनी तो रेणू तीन वेळा पाहिला आणि स्फटिकाचा जुना क्ष-किरण नकाशा मागवून चौथ्यांदा पाहिला. "पाण्यामार्फत," त्या म्हणाल्या. "मध्यस्थ असला तरी संपर्क तो संपर्क." प्रकल्प दोन वर्षं वाढला. आईला फोन गेला.

"एक मुलगा आहे," मुलगी म्हणाली.

"शांत आहे का?"

"आहे. पण पायाखाली बघत नाही."

"ते चालतं," आई म्हणाली. "तुझे वडील अजून बघत नाहीत."

लग्न पुढच्या वर्षी झालं. मावशींना पहिल्या रांगेत बसवलं होतं. आपण नेमकं काय केलं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

लग्नानंतर चार महिन्यांनी बुवांना आणखी स्वच्छ स्फटिक मिळाला. त्यात एक्केचाळीस आणि एकशे सत्त्याऐंशी आपापल्या जागी होते, पाच पूर्णांक दोन अँगस्ट्रॉमवर. मध्ये पाणी नव्हतं; बहुधा कधीच नव्हतं.